मालनसिस्टर आणि दहा गुंठे

मालनसिस्टरांवर मी सहा वर्षं चिडलेलो होतो. त्या जाऊन आता दोन वर्षं होत आली, तरी तो राग पुरता उतरलेला नाही. अजूनही एखाद्या दुपारी ऑफिसात कुणी म्हातारं माणूस समोर येऊन बसतं, पिशवीतून जागेची कागदपत्रं काढतं, "आमचं अजून काही ठरलं नाही, तुम्ही नुसतं बघून सांगा," म्हणतं आणि माझ्या कपाळाला आठ्या पडतात. त्या बिचाऱ्याला कारण कळत नाही.

मी घरं आणि जागा यांचं मूल्यांकन करतो. मूळचा सातारचा, लग्नानंतर सांगलीत आलो आणि इथलाच झालो. कुणाला बँकेचं कर्ज हवं असतं, कुठं भावाभावांची वाटणी व्हायची असते. मी टेप घेऊन जातो, मोजतो, फोटो काढतो, अहवाल देतो. एका घराला दोन खेपा म्हणजे फार झाल्या. मालनसिस्टरांच्या घरी मी किती खेपा घातल्या हे आता मलाही सांगता येणार नाही.

पहिल्या फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "घर जोखून पायजे."

"विकायचंय का?"

"ते जोखल्यावर ठरंल."

"बँकेसाठी हवंय?"

"न्हाई. माज्यासाटी."

विश्रामबागेच्या पुढं, जिथं आता पाच-पाच मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत, तिथं त्यांची दहा गुंठे जागा होती. दोन बाजूंना अपार्टमेंट, तिसऱ्या बाजूला मंगल कार्यालय, पुढं रस्ता. मध्ये तारेचं कुंपण, लिंबाची दोन मोठी झाडं, एक हातपंप आणि अगदी कोपऱ्यात घर. जागेच्या मानानं इतकं लहान, की मला आधी ती वॉचमनची खोलीच वाटली. ओळीनं तीन खोल्या, वर मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी. पुढचा ओटा तेवढा घरापेक्षा मोठा होता. त्यावर पत्रा होता आणि पत्र्याला आधार म्हणून लोखंडी पाइप. घराला न शोभणारा तो ओटा बघून मी वहीत प्रश्नचिन्ह काढल्याचं आठवतं.

स्वयंपाकघरात शिरताना माझं डोकं चौकटीला आपटलं. सिस्टर जवळ आल्या, दोन बोटांनी कपाळ दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "काय झालं न्हाई. मोजा."

उंच, हाडापेरानं रुंद बाई. आवाज वॉर्डातला, म्हणजे पलीकडच्या कॉटवरच्या माणसालाही आपल्यालाच बोलतायत असं वाटावं असा. जत तालुक्यातल्या, अगदी कर्नाटकाला टेकलेल्या गावातल्या मेंढपाळाच्या घरातली ही मुलगी शिकायला म्हणून साताऱ्याला आली, नर्स झाली आणि सांगलीच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाली. लग्न झालं होतं, एवढंच त्या सांगत. पुढं कुणी विचारायला धजत नसे. निवृत्त झाल्यापासून त्यांनी पांढरी साडी म्हणून नेसली नाही. कायम गडद रंगाची, बहुतेक हिरवी नाहीतर जांभळी. "पांढऱ्यात जल्म गेला," म्हणायच्या.

एक सवय मात्र नोकरीतली उरली होती. बोलता बोलता त्या समोरच्याचं मनगट हातात घेत आणि स्वतःच्या घड्याळाकडं बघत राहत. माणूस बोलत असे आणि त्या नाडी मोजत असत. त्यामुळं त्यांच्यासमोर शांत असल्याचं सोंग आणता येत नसे. कितीदा तरी मी अगदी गोड आवाजात काही समजावत असताना त्या मध्येच म्हणाल्या आहेत, "नव्वदच्या वर गेलीया तुजी. पानी पी."

आमच्या अहवालात दोन रकाने असतात. एक जागेचा, एक बांधकामाचा. जागेपुढचा आकडा बघून सिस्टरांनी भुवईसुद्धा हलवली नाही. बांधकामापुढं मी नेहमीचा शब्द लिहिला होता : नगण्य. जुन्या घरांना आम्ही तो सर्रास लावतो. सिस्टरांचं बोट तिथं थांबलं.

"नगण्य म्हंजे?"

"म्हणजे मोजण्यासारखं नाही."

"मग परवा दोन तास टेप लावून काय करत हुता?"

"मोजमाप वेगळं, सिस्टर, किंमत वेगळी. या घराचं आयुष्य संपलंय. जो कोणी घेईल तो पाडणारच."

"मी ऱ्हाते की त्यात."

"तुम्ही राहता, पण..."

"ह्यो शब्द बदलून आना. दुसरा कायतर बगा."

दुसरा शब्द नसतो, असं मी सांगितलं. तर म्हणाल्या, "मग बसा हितं आठवंस्तवर." मी हसलो. त्या हसत नव्हत्या. शेवटी मी घासाघीस करून 'जीर्ण परंतु वापरात' असं लिहून दिलं, तेव्हा अहवाल ट्रंकेत गेला. आमच्या धंद्यात असा शेरा कुणी लिहीत नाही.

घरावर जीव आहे म्हातारीचा, असं समजून मी तो विषय मनातून काढून टाकला. तो अंदाज साफ चुकला. घरावर त्यांचा काडीचा जीव नव्हता. त्या त्याला खुराडं म्हणायच्या. पावसाळ्यात न्हाणीघराची भिंत पाझरायची, उन्हाळ्यात मधल्या खोलीत बसवायचं नाही. "पाडलं तर रडनार न्हाई मी," त्या म्हणायच्या. मग पाडा की! पण ते नाही. विका की! तेही नाही. दर दोन-तीन महिन्यांनी फोन यायचा, "जरा येऊन जा, इचार करायचा हाय," आणि मी, का कोण जाणे, जायचो.

ओट्याचं कोडं दुसऱ्या खेपेला उलगडलं. सकाळी आठला गेलो तर ओट्यावर सात-आठ माणसं. एक बाई केस विंचरत होती, एक म्हातारा गाठोड्याला टेकून डुलक्या घेत होता, लिंबाखाली तीन दगडांच्या चुलीवर कुणीतरी भाकरी थापत होतं. सगळी जत, कवठे महांकाळकडची. सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत यांचा पेशंट, आणि पेशंटजवळ एकाच माणसाला थांबू देतात. बाकीच्यांनी जायचं कुठं? ती इथं येत. पाटी नव्हती, काही नव्हतं. जतच्या एसटीतले कंडक्टरसुद्धा पत्ता सांगायचे म्हणे. सिस्टर नोकरीत असल्यापासून हे चाललेलं होतं आणि त्यासाठीच तो ओटा वाढवत वाढवत घरापेक्षा मोठा झाला होता.

हे ऐकून कुणाला त्या फार मायाळू वाटतील. तसं काही नव्हतं. त्या लोकांवर सतत खेकसत असायच्या. नऊच्या आत चूल विझली पाहिजे, अंगण झाडून निघालं पाहिजे, तंबाखू चालणार नाही. एक बाई ओट्यावर बसून मोठ्यानं रडायला लागली, तर सिस्टर दारातून ओरडल्या, "रडायचं आसंल तर लिंबाखाली जा. हितल्या बाकीच्यांचं पेशंट बरं व्हायचं हाय अजून." बाई उठून लिंबाखाली गेली. थोड्या वेळानं सिस्टरही गेल्या आणि तिच्याशेजारी नुसत्या उभ्या राहिल्या.

एकदा एक गडी बायकोच्या ऑपरेशनला आला तो टेम्पोत दोन मेंढ्या घालून. घरी बघायला कुणी नव्हतं. सिस्टरांनी त्याला पाव तास फैलावर घेतलं, "दवाखान्यात आलायस का बाजारला?" मग स्वतःच एका मेंढीच्या पोटाखालून हात फिरवून म्हणाल्या, "ही गाभन हाय की रं. हिला टेम्पोत घातलीस?" मेंढ्या तीन आठवडे राहिल्या. तेवढ्या दिवसांत त्यांनी शेजारच्या मंगल कार्यालयाच्या कमानीवरची झेंडूची माळ खाल्ली. नवरीचा बाप भांडायला आला. सिस्टर त्याला म्हणाल्या, "माळ तुमी मेंढीच्या तोंडाला यील इतकी खाली बांदली कशाला?" तो माणूस क्षणभर खरंच विचारात पडला.

मला वाटलं, आता आपल्याला कळलं. बाईंना ही जागा या लोकांसाठी राखायची आहे. मग सोपं आहे. मी उत्साहानं ट्रस्टची कल्पना मांडली.

"ट्रस्ट म्हंजे काय?"

"चार-पाच भरवशाची माणसं घ्यायची, नोंदणी करायची, नियम करायचे. तुमच्यानंतरही सगळं चालू राहील."

"म्हंजे ओट्यावर पडायला मान्सानं अर्ज करायचा."

"तसं नाही हो..."

"तसंच. चार खुर्च्या येत्यात, मग त्यातला एक म्हनतो ह्याला घेऊ नका, त्याला घेऊ नका. मी दवाखान्यात जल्म काडलाय." ट्रस्ट तिथंच संपला.

मग मी म्हटलं, निदान घर नीट करा. हे घर बांधणारे रमजान मिस्त्री मिरजेचे. दर वर्षी पावसाळ्याआधी कौलं चाळायला तेच यायचे. गुडघे गेलेले, तरी शिडी चढायचे. मी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं, की त्यांनी भिंतींबद्दल चार चांगले शब्द बोलावेत आणि सिस्टरांनी दुरुस्तीला होकार द्यावा. मिस्त्रींनी भिंतीला खिळा लावून खरवडलं, हातात आलेली माती चोळली आणि म्हणाले, "सायेब, खरं सांगू का? पाडा. आत नुस्ता चिखल हाय. मी तवा शिकत हुतो."

"मला तवा सांगितलं न्हाईस त्ये," सिस्टर म्हणाल्या.

"आवं सिस्टर, तवा मलाच कुठं म्हाईत हुतं?"

पुढचे दोन महिने त्या मिस्त्रींशी बोलल्या नाहीत. माझ्याशी बोलत होत्या. मिस्त्रींवर चिडायलाही त्यांना मीच लागायचो.

पाचव्या वर्षी बाळासाहेब आला. हा सिस्टरांचा भाचा, भावाचा मुलगा. गावाकडं थोडी कोरडवाहू जमीन, पाऊस झाला तर ज्वारी, आणि उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. दिसायला अगदी सिस्टरांसारखा, तोच रुंद जबडा. त्यानं आणलेल्या बिल्डरकडं रंगीत चित्रं होती. सहा मजले, खाली हिरवळ, हिरवळीवर अर्ध्या चड्डीतली गोरी माणसं कुत्रं फिरवतायत. सिस्टरांना दोन फ्लॅट मिळणार, एक राहायला, एक बाळासाहेबाला. सिस्टरांनी सगळी चित्रं नीट पाहिली. चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून.

"ह्यात भायेरचा मानूस झोपायचा कुठं?"

"पाहुण्यांसाठी फ्लॅटमध्ये स्वतंत्र बेडरूम आहे, मॅडम."

"पावना न्हाई. भायेरचा."

बिल्डर माझ्याकडं बघायला लागला. मी दुसरीकडं बघितलं.

तरी सिस्टर हो म्हणाल्या. म्हणाल्या, गुरुवारी सही करते. गुरुवारी आम्ही सगळे जमलो. त्या करारनामा वाचत बसल्या, बोट ठेवून, एकेक ओळ, दोन तास. 'इमारतीच्या सामाईक जागेत बाहेरील व्यक्तींस वास्तव्य करता येणार नाही' या ओळीवर बोट थांबलं. कागद मिटला, बिल्डरला परत दिला, "च्या घेऊन जावा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाळासाहेब अंगणातच उभा होता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आत्ती," तो दारातून म्हणाला, "गावची समदी मानसं तुज्या ओट्यावर चालत्यात. माजी पूनम हितं कालिजात हाय. कॉट भाड्यानं घिऊन चौघी एका खोलीत ऱ्हात्यात. तिला कवा म्हनलीस का, ये हितं ऱ्हा?"

"ती आली कवा इचारायला?"

"इचारावं लागतंय व्हय आपल्या घरात?"

बाळासाहेब गेला, आणि वर्षभर आला नाही. मी सिस्टरांना म्हणालो, त्याचं चुकलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. मी हात सोडवून घेतला. एवढा उद्धटपणा मी त्यांच्याशी पहिल्यांदाच केला.

त्याच संतापात मी तो तोडगा काढला. जागेचे दोन भाग करायचे. उत्तरेचा अर्धा भाग बाळासाहेबाच्या नावावर, त्याला विकू दे नाहीतर बांधू दे. दक्षिणेच्या अर्ध्यात घर, ओटा, दोन्ही लिंब. आराखडा मी स्वतः काढला, फी न घेता, चार रविवार घालवून. सिस्टर खूश झाल्या. "सातारचं पानी हाय खरं," म्हणाल्या; माझ्या वाट्याला आलेलं हे एकमेव कौतुक. आठ दिवसांनी फोन. हातपंप उत्तरेला जातोय. रेषा सरकवली. मग पंधरा दिवसांनी, उत्तरेला इमारत झाली तर ओट्यावर उन्हाळ्यात वारं येणार नाही. मी म्हणालो, दुसरा उपाय नाही. मग, दक्षिणोत्तर पाडली रेषा तर? ती पाडून दाखवली. मग घराचं तोंड कुठं? असे पाच आराखडे झाले. पाचव्या वेळी मी कागदाची गुंडाळी त्यांच्यासमोर टाकली.

"सिस्टर, तुम्हाला काही ठरवायचंच नाहीये. तुम्हाला नुसतं जोखत बसायचंय."

त्यांनी गुंडाळी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "माज्या बानं ही जागा पायानं मोजली हुती. माज्याबरोबरच्या समद्या नर्सांनी दोन-दोन गुंठं घेतलं. बा म्हनला, न्हाई, मान्सानं हातपाय पसरून झोपावं. मी म्हनलं, मी एकटी, कशाला एवडी? तर म्हनला, एकटीलाच लागती." पुढं म्हणाल्या, "मी मेले की ह्ये समदं हुनार हाय रं. बाळू इकनार, बिल्डर बांदनार. मला म्हाईत हाय. मला तेवडं माज्या हातानं करायचं न्हाई, एवडंच."

मी जिना नसलेल्या घरातून जिना उतरल्यासारखा पाय आपटत बाहेर पडलो. हे वाक्य त्यांनी सहा वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझे चार रविवार आणि पाच आराखडे वाचले असते.

त्यानंतर दोनच महिन्यांत त्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ओट्यावरच्या लोकांनीच न्हाणीघराचं दार काढून त्यांना रिक्षात घातलं आणि मिरजेला नेलं. पेशंट म्हणून त्या भयंकर होत्या. सलाईन लावणाऱ्या पोरीला शीर कशी शोधायची ते सांगत, चादरीचे कोपरे चुकले म्हणून कॉट पुन्हा लावायला लावत. बाळासाहेबाची बायको जवळ थांबली. पेशंटजवळ एकच माणूस, हा नियम तिथंही होता. त्यामुळं बाळासाहेब तीन आठवडे आत्याच्या ओट्यावर झोपला, कवठे महांकाळच्या एका कुटुंबाच्या शेजारी.

मी एकदा जाऊन आलो. त्याचं मन पालटलं असेल, अशी माझी एक भाबडी अपेक्षा होती. तो चुलीपाशी बसून डास मारत होता.

"काय म्हणतोय ओटा?" मी विचारलं.

"लय डास हायेत सायेब. आत्तीनं इतक्या वर्सांत एक पंखा लावला न्हाई हितं." दुसऱ्या दिवशी त्यानं दोन पंखे आणून लावले. तेवढंच. त्यापलीकडं तो त्याबद्दल कधी काही बोलला नाही.

घरी आल्यावर सिस्टरांना वॉकर लागला. एकटं राहणं शक्य नव्हतं. गावाकडं जायला त्या तयार नव्हत्या. मग पूनम आली. बाळासाहेबाची ही एकुलती मुलगी, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. अबोल, कामसू. मधली खोली तिला दिली. पहिल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा ती सिस्टरांच्या केसांना तेल लावत होती आणि सिस्टर तिच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळ बघत होत्या. कधी नव्हे ते घरात हसण्याचा आवाज आला.

महिन्याभरानं सिस्टरांचा फोन आला. "कागद तयार कर."

"कसले?"

"तूच केलायस की. पैला आराखडा. उत्तर बाळूला, आत्ताच. दक्षिन माज्यामागं पूनमला, घरासकट."

"हातपंप उत्तरेला जातोय," मी आठवण करून दिली.

"जाऊ दे."

मी कारण विचारलं नाही. कारण विचारलं तर बेत बदलेल, ही धास्ती होती. आठ दिवसांत सगळं तयार केलं. नोंदणीच्या कचेरीत त्या वॉकर टेकत आल्या, जांभळी साडी नेसून. कागदातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि सही केली. सहा वर्षं जे अडलं होतं ते एका सकाळीत झालं. मला आनंद व्हायला हवा होता. बाहेर येऊन मी उसाचा रस प्यायलो आणि उगाचच रसवाल्याशी बर्फावरून भांडलो.

खरं कारण पुढच्या खेपेला कळलं. तारेच्या कुंपणाला लोखंडी गेट बसलं होतं, उंच, गजांचं, आतून कुलूप. ओटा मोकळा होता. मला क्षणभर वाटलं, आज पेशंटच नसतील कुणाचे. मग पूनमनं दबक्या आवाजात सांगितलं. ओट्यावर उतरलेला एक तरुण तिच्या खिडकीपाशी येऊन उभा राहायचा. दोन दिवस ती गप्प बसली, तिसऱ्या दिवशी आजीला सांगितलं. सिस्टरांनी त्याला वॉकर उगारून हाकललं आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्या सगळ्यांना जायला सांगितलं. त्याच दिवशी मला फोन केला होता.

मी सिस्टरांसमोर जाऊन उभा राहिलो. माझा आवाज चढला.

"एक माणूस वाईट निघाला म्हणून सगळं बंद? मग सहा वर्षं कशासाठी भांडलात? बिल्डरला नाही म्हणालात, ट्रस्टला नाही म्हणालात, बाळासाहेबाशी वर्षभर बोलला नाहीत..."

"तवा घरात पोरगी नव्हती," त्या म्हणाल्या.

"दुसरा काही मार्ग निघेल. बायकांनाच ठेवा. एक माणूस नेमा..."

"ह्याला घ्या, त्याला घेऊ नका. व्हय?" त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. "मी केलं तेवडं केलं. माज्यात ताकद हुती तवा मी जागी ऱ्हायची. आता न्हाई ऱ्हावत."

पूनमचं बरोबर होतं. बाळासाहेबाचंही बरोबर होतं. सिस्टरांचंही. मग चिडायचं कुणावर? मी गेटच्या कुलपावर चिडलो. ते मला लवकर उघडेना.

पुढं व्हायचं ते झालं. बाळासाहेबानं उत्तरेची बाजू विकली, गावाकडं बोअर मारली, तिला बऱ्यापैकी पाणी लागलं. उत्तरेला इमारत उठली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात सिस्टर झोपेतच गेल्या. पूनम आता नोकरीला लागली आहे, त्याच घरात राहते, पावसाळ्यात भिंत पाझरते म्हणून मला फोन करते. पाडावं की दुरुस्त करावं, तिचंही ठरत नाही.

सिस्टरांना मी शेवटचं पाहिलं ते जाण्याआधी दोन महिने. मोजणीच्या नकाशाची नक्कल द्यायला गेलो होतो. दुपारचे चार वाजले असतील. त्या गेटच्या आत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, बाजूला वॉकर. मी नकाशा दिला, पण त्यांचं लक्ष रस्त्याकडं होतं. एक म्हातारा गेटपाशी येऊन थांबला. खांद्यावर घोंगडं, हातात गाठोडं, पायताणं धुळीनं पांढरी. त्यानं कानडीत काहीतरी विचारलं. सिस्टर कानडीतच बोलल्या. मला कानडी येत नाही. मधूनच 'मिरज' आणि 'एसटी' एवढे शब्द कळले. म्हातारा त्यांच्या डोक्यावरून पलीकडं ओट्याकडं बघत होता. ओट्यावर पूनमची सायकल होती आणि दोरीवर कपडे वाळत होते. तो वाद घालत बसला नाही. फक्त हातानं पाण्याची खूण केली.

सिस्टरांनी खुर्चीशेजारचा तांब्या उचलला. तो गजांतून जाईना. त्यांनी तो आतूनच तिरका धरला, म्हाताऱ्यानं बाहेरून गजांना ओंजळ लावली आणि त्या पाणी ओतत राहिल्या. अर्धं पाणी गजांवरून सांडलं. तो प्यायला, तोंड पुसलं, हात जोडले आणि निघून गेला.

सिस्टर रिकामा तांब्या मांडीवर घेऊन बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "तुजी गाडी हाय न्हवं? जा, त्याला मिरजंच्या एसटीत तरी बसवून दे. बिगी बिगी जा, धनगराची चाल हाय त्याची."

मी गाडी काढून कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथून तिन्ही रस्ते बघितले, स्टॉपवर चौकशी केली, कार्यालयाला एक वळसा घातला. म्हातारा कुठंच दिसला नाही. परत आलो तर सिस्टर गेटचे गज धरून उभ्या होत्या, वॉकर मागं तसाच.

"भेटला?"

"भेटला," मी म्हणालो. "बसवून दिलं."

"गाव कुटलं म्हनला?"

मला एकही नाव सुचलं नाही. त्या गज धरून वाट बघत राहिल्या, मी बोलेन म्हणून. मग एक हात सोडून त्यांनी मागं वॉकर चाचपला आणि सावकाश घराकडं वळल्या.